भिवराचा उबारा

घाटात गाडीरस्ता नव्हता आणि मीठ माणसांच्या डोक्यावरून वर यायचं, तेव्हाची ही गोष्ट. नक्की कुठल्या सालची ते कुणाला सांगता येत नाही. कुणी म्हणतं पटकीच्या साथीच्या आधीची, कुणी म्हणतं नंतरची. मी ज्यांच्याकडून ऐकली त्यांच्या सांगण्यातही मेळ नाही, म्हणून ऐकताना कुठं कुठं गोंधळायला होईल. तो गोंधळ माझा नाही, गोष्टीतच आहे.

खाली खाडीकाठी मिठागरं, वर देश, आणि मधे घाटमाथ्यावर सावरघळ नावाचं गाव. मिठवाले अंधारात खालून निघायचे आणि उन्हं चढली की सावरघळला येऊन टेकायचे. घाम पुसायचे, पाणी प्यायचे आणि भाकरीबरोबर उकडलेलं अंडं मागायचे. गावाकडं दुसरं द्यायला होतंच काय? भात खाण्यापुरता, नाचणी त्याहून थोडी. पण कोंबड्या दारोदार. गावानं अंडी द्यायची आणि मिठवाल्यांनी त्या बदल्यात मीठ ओतायचं, अशी रीत पडली. दुसऱ्या गावांत मीठ चिमटीनं घेत, सावरघळच्या बाया ते ओंजळीनं घेत.

आता कोंबडी पिल्लं घेऊन फिरायला लागली की अंडी घालायची थांबते. आणि अंडी नाहीत तर मीठ नाही. म्हणून त्या गावानं एक युक्ती काढली होती. हिवाळ्यात पिल्लं जरा उभी राहिली की सगळ्या घरची पिल्लं कोंबडीपासून काढून एका जागी ठेवायची. ती जागा म्हणजे उबारा. सावरजाई देवीच्या देवळाला लागून कारवीच्या कुडाचं, शेणानं लिंपलेलं एक गोल घर. मधोमध निखाऱ्यांनी भरलेलं मोठं मडकं, त्यावर भोकांचं झाकण, आणि भोवती जमिनीवर भाताचं तूस पसरलेलं. निखारे देवीपुढच्या आगटीतून आणलेले. ती आग कधी विझली नव्हती, असं म्हणतात. पिल्लं मडक्याभोवती अंग टाकून वाढायची. कुणाची कुठली ते कळावं म्हणून प्रत्येक घराचा डोक्यावर ठिपका असायचा, कुणाचा गेरूचा, कुणाचा हळदीचा, कुणाचा काजळाचा.

उबारा सांभाळायची बयजाकाकी. वर्षानुवर्षं तिनंच सांभाळला. पण गुडघे धरले, खाली बसली की उठता येईना, तेव्हा तिनं ते काम आपल्या चुलतसुनेच्या गळ्यात घातलं. ती भिवरा.

भिवराचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती आणि मांडी रिकामी होती. देवीला नवस झाले, औषधं झाली. शेवटी त्या हिवाळ्यात तिला मुलगी झाली, तीही दिवस भरायच्या आधी. इतकी लहान की तिला सुपात ठेवली तर सूप रिकामं दिसायचं, असं म्हणतात. रडायची तर मांजराचं पिल्लू खोलीच्या पलीकडं असावं तसा आवाज. सुईणीनं तिला पाहिलं, मान हलवली आणि म्हणाली, "बाय, हिला तुझ्या घरच्या वाऱ्यात ठेवशील तर ही जायची. उबाऱ्यात ने. जिथं पिल्लं जगत्यात तिथं ही जगंल."

म्हणून भिवरा पोर घेऊन उबाऱ्यात राहायला आली. एका डालग्यात जुनी लुगडी घातली, ते मडक्याजवळ दगडांवर ठेवलं आणि त्यात पोरीला निजवलं. एकाच आगीच्या उबेवर खाली पिल्लं आणि वर ती पोर. भिवराचा नवरा हरबा अंडी घेऊन घाट उतरलेला, तो मिठवाल्यांबरोबर परत यायचा होता. तोवर ती आणि तिची ती दोन्ही प्रकारची पिल्लं.

पहिले दिवस बरे गेले. पोरगी दूध ओढायला लागली, आणि मग पिल्लं मरायला लागली.

सकाळी झाप उघडावं तर तुसात दोनचार गार पडलेली. अंगावर जखम नाही, रक्त नाही, पिसं विस्कटलेली नाहीत. जिवंत होती त्यातली काही पाय फाकून उभी राहायची, मग डगमगून पाठीवर पडायची आणि हवेत पाय मारत राहायची. उलटं करून उभं केलं तर पुन्हा पडायची. बुडाशी ओलं, चोच उघडी. आणि पाणी. काय पाणी प्यायची. खापरात पाणी ओतावं आणि वळून पाहावं तर खापर कोरडं.

भिवराला काही कळेना. तिनं आधी साप शोधला. कुडाच्या प्रत्येक फटीत काठी घातली. साप नव्हता. मग तिला वाटलं मुंगूस, पण मुंगूस खाल्ल्याशिवाय जाईल का? मग वाटलं आग जास्त झाली. पिल्लं मडक्यापासून लांब कुडाला चिकटलेली दिसली म्हणून तिनं निखारे कमी केले. तर पिल्लं एकावर एक चढून गोळा झाली आणि खालची चेंगरली. मग निखारे वाढवले. मग धूर कोंडतो असं वाटलं म्हणून छपराला, मावळतीकडं, हाताएवढं भोक पाडलं. एक दिवस मरणं कमी झालं. तिला वाटलं, सापडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकीच गेली.

कण्यांना बुरशी आली असेल म्हणून तिनं कण्या उन्हात घातल्या, पाखडल्या, स्वतः चावून पाहिल्या. चांगल्या होत्या.

बयजाकाकी काठी टेकत आली आणि दारातूनच म्हणाली, "हगवण लागलीया त्यांना. आनि तू पानी पाजतीयास. पानी काढ."

"काकी, ती पान्यासाठी मरत्यात."

"पान्यासाठी न्हाई, पान्यानं मरत्यात. माझ्या हातून इतकी पिल्लं मोठी झाली, एवढं कळत असंल न्हवं मला?"

भिवरानं पाणी काढलं. त्या दिवशी सगळ्यात जास्त पिल्लं गेली. तिनं पाणी परत ठेवलं, पण आता कशावर विश्वास ठेवावा ते तिला समजेना. आणि एक भीती ती कुणाला बोलून दाखवत नव्हती. खाली जे पिल्लांना नेतंय ते वर डालग्यापर्यंत चढलं तर? ती पुन्हा पुन्हा पोरीच्या नाकापुढं बोट धरायची. श्वास लागायचा. मग हात काढायची, आणि हात काढला की पुन्हा धरावासा वाटायचा. एवढं मात्र सगळे सांगणारे सारखंच सांगतात.

गावाला मात्र लवकर कळलं. म्हणजे गावाला वाटलं की कळलं. बाळंतीण बाई, कोरी कूस एवढी वर्षं, डोळे दुसऱ्यांच्या पोरांवरून फिरलेले, आणि तिला पिल्लांत आणून ठेवली. नजर लागणार नाही तर काय होईल? कुणी तोंडावर बोललं नाही. पण पहिल्या दिवसापासूनच बाया संध्याकाळी उबाऱ्यात यायला लागल्या होत्या. दिवा लागायच्या सुमारास एकेक बाई यायची, आपल्या ठिपक्याच्या पिल्लांवरून मूठ ओवाळायची, पुटपुटायची आणि जायची. पिल्लं मरायला लागली तसं बायांचं येणं वाढलं. एकदा यायची ती दोनदा यायला लागली. भिवरा अंग चोरून डालग्यापाशी बसून राहायची. ज्या गोष्टीचा संशय आपल्यावरच आहे ती होत असताना बाईनं बघायचं तरी कुठं? ती पोरीकडं बघायची.

मधे एकदा तिनं सगळं तूस झाडून बाहेर काढलं आणि नवं पसरलं. त्यानंतर एक दिवस गेला, दोन गेले, एकही पिल्लू मेलं नाही. गाव हरखलं. बयजाकाकी म्हणाली, "बघा, आपलं दिष्ट काढनं लागू पडलं." आणि बाया अजून मोठ्या मुठी घेऊन आल्या. मग पुन्हा मरणं सुरू झालं.

भिवरा रडली नाही, असं म्हणतात. मला ते पटत नाही.

शेवटी देवळाचे गुरव कोंडीबाबा स्वतः आले. म्हातारा माणूस, वाईट नव्हता. त्यांनी उबाऱ्यात वाकून पाहिलं, मेलेली पिल्लं पाहिली, पोरीला पाहिलं आणि बाहेर येऊन बसले.

"भिवरा, देवीचा निखारा कुनाला मराया न्हाई देत. हितं मरनं चालू हाय. उद्या सकाळी आग देवळात परत घेनार. बाया आपापली पिल्लं घरी न्हेतील."

"आन् माझी?"

"तुझ्या घरी चूल हाय की."

"बाबा, त्या घराच्या कुडातनं हात आरपार जातो. सुईन काय म्हनली ती तुमाला म्हायती हाय."

कोंडीबाबांनी काठीनं माती उकरली. "म्हायती हाय," ते म्हणाले. "पर गाव ऐकायचं न्हाई. पिल्लं का मरत्यात ते सांग, मी गावाला थांबवतो."

ते तिला सांगता येत नव्हतं, आणि कोंडीबाबा उठून गेले.

त्या दुपारी भिवरा थकून पोरीच्या डालग्याखालीच, तुसात, आडवी झाली. एवढे दिवस ती उबाऱ्यात बसली होती, उभी राहिली होती, वाकली होती. निजायची ती दाराशी, फळकुटावर. जमिनीला गाल लावून ती पहिल्यांदाच पडली. पिल्लू जिथून जग पाहतं तिथं तिचा डोळा आला. ऊन मावळतीकडं कललं होतं. छपराला तिनं धुरासाठी जे भोक पाडलं होतं त्यातून उन्हाची एक काठी तिरपी आत आली होती आणि कुडाच्या कडेला तुसावर टेकली होती.

तिथं तूस चमकत होतं.

इथं सांगणारे वेगवेगळं सांगतात. कुणी म्हणतं ऊन तिच्याशी बोललं. कुणी म्हणतं हळदीच्या ठिपक्याचं एक पिल्लू पुढं आलं आणि माणसाच्या आवाजात म्हणालं, आई, हे बघ आम्ही काय खातो. आमच्याकडं जे सांगतात त्यात पिल्लू बोललं नाही. ते नुसतं त्या चमकत्या जागेपाशी गेलं, मान वाकडी केली, एक चमकता खडा टिपला आणि गिळला. मग दुसरं आलं. त्यानंही टिपला. पिल्लांना चमकणारं काहीही आवडतं. ज्यांनी पाळलीत त्यांना माहीत आहे.

भिवरानं पडल्या पडल्या हात लांबवला, खडा उचलला आणि जिभेवर ठेवला.

मीठ.

ती उठून बसली नाही. तशीच पडून राहिली आणि तिच्या डोक्यात सगळं उलटं फिरायला लागलं. नजर काढताना मीठमोहरी ओवाळायची आणि चुलीत टाकायची, हे सगळीकडचं आहे. पण उबाऱ्यातली आग देवीची. तिच्यात मीठ तडतडवायचं नाही, हा सावरघळचा नेम. म्हणून बाया ओवाळलेली मूठ कडेला कुडापाशी टाकायच्या. बयजाकाकीच्या काळात वर्षातून एकदा, जत्रेला, एक मूठ पडायची आणि ती झाडून जायची. यंदा रोज संध्याकाळी घरागणिक मूठ, आणि सावरघळची मूठ म्हणजे ओंजळच. मेली म्हणून मीठ टाकलं आणि मीठ टाकलं म्हणून मेली. आणि मीठ का टाकलं? तर भिवराला भ्यायल्या म्हणून. म्हणजे पिल्लं भिवरामुळंच मेली, असंही म्हणता येतं. मला इथं दर वेळी अडखळायला होतं. तिलाही झालं असेल.

मग तिनं डालग्याकडं पाहिलं. एकाच घरात, एकाच आगीपाशी, तीच हवा, तोच धूर. खालची मेली आणि वरची जगली, कारण वरची जमिनीवरचं काही टिपत नव्हती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा भिवरानं पोरीच्या नाकापुढं बोट धरलं नाही.

तिनं सगळं तूस झाडून काढलं. जमीन ओल्या फडक्यानं पुसली. नवं तूस पसरलं, खापरं भरून पाणी ठेवलं आणि दाराशी उभी राहिली. बाया मुठी घेऊन आल्या.

"आजपासनं मीठ आनू नका," ती म्हणाली. "मिठानं मरत्यात ती."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. मग बयजाकाकीच बोलली, आणि ती ओरडली नाही, हळूच बोलली.

"आयकलं का गं? हिला मीठ नको झालं. मिठाला कोन भितं ते काय कुनाला सांगाय पायजे?"

खरं बोलावं तर तेच भिवराविरुद्ध जात होतं. मीठ नको म्हणणारी बाई चेटकीण असते, हे त्या काळी शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ती दारातून बाजूला झाली. पण बायाच आत गेल्या नाहीत. आता ओवाळायचं ते सकाळी, पिल्लं घरी नेताना, असं बोलून त्या मुठी तशाच घेऊन परत गेल्या.

सकाळी अख्खं गाव देवळापुढं जमलं. कोंडीबाबांनी आग न्यायला मातीची परात आणली होती. बायांनी टोपल्या आणल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मुठीत मीठ होतं. भिवरा पोर काखेत घेऊन दारात उभी. आत पिल्लं चिवचिवत होती. त्या रात्रीत एकही मेलं नव्हतं, पण ते बघायला कुणाला सवड नव्हती.

भिवरानं पोर पुढं केली. कुणाच्या हातात द्यावी ते तिला कळेना, आणि सगळ्यात पुढं बयजाकाकी होती, म्हणून तिच्याच हातात दिली. म्हातारी इतकी चकित झाली की तिनं घेतली.

मग भिवरानं पदर पसरला.

"मीठ टाका," ती म्हणाली. "जमिनीवर नको. पिल्लांवरनं ओवाळा आन् माझ्या पदरात टाका. सगळ्यांच्या पिल्लांची नजर माझ्या पदरात."

बाया घुटमळल्या. मग एकीनं आत जाऊन ओवाळलं आणि बाहेर येऊन तिच्या पदरात मूठ उघडली. मग दुसरीनं. पदर जड व्हायला लागला. गावातल्या सगळ्या घरांचं मीठ त्या एका पदरात पडलं आणि तिचे खांदे खाली आले, असं म्हणतात. शेवटी कोंडीबाबांनीही मूठभर टाकलं, पुरुषमाणूस असून.

भिवरानं पदर एका हातानं धरला, दुसऱ्या हातानं घास घेतला आणि मीठ तोंडात टाकलं. आणखी एक घास. भात खावा तसं ती मीठ खात राहिली. डोळ्यांतून पाणी आलं, ओठ पांढरे पडले, पण तिनं थुंकलं नाही. सगळे बघत होते. जिच्या नजरेत पाप आहे तिच्या जिभेवर मिठाचा खडाही टिकत नाही, अशी तेव्हाची समजूत. आणि ही पदर रिकामा करत होती.

"आजचा दिवस आग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. तिचा आवाज कसा तरीच झाला होता. "उद्या न्या."

आणि ती ओढ्याकडं चालायला लागली.

आता पुढचं ज्याला खरं मानायचं त्यानं मानावं. ती ओढ्याकाठी वाकली आणि प्यायला लागली. ती इतकं प्यायली की खालच्या वळणावर धुणं धुणाऱ्या बायांच्या पायांखालचं पाणी सरकलं. त्या म्हणाल्या, वर कुणी बांध घातला काय? प्यायली, प्यायली आणि ओढा आटला. मासे वाळूत उड्या मारायला लागले, खेकडे दगडाखालून बाहेर येऊन बघायला लागले. एका डबक्यात तेवढं पाणी उरलं. तिथं ती थांबली. मागं वळून पाहिलं तर उबाऱ्यातली सगळी पिल्लं रांगेनं तिच्यामागं ओढ्यावर आलेली, गेरूची, हळदीची, काजळाची. ती बाजूला झाली. पिल्लं डबक्याशी आली, चोच बुडवून मान वर करून प्यायली, आणि एकेक घोटाबरोबर आभाळाकडं बघितल्यासारखं करत राहिली. मग ओढा पुन्हा वाहायला लागला. ज्या दगडावर ती टेकून बसली होती, त्या दगडाला तिच्या घामाचं मीठ लागलं ते कायमचं.

इतकं मीठ अंगावर पाजणाऱ्या बाईनं खाल्लं, तर दुधाचं काय झालं, असं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच विचारलं होतं. बाकी कुणी विचारत नाही. तर त्याचंही उत्तर गोष्टीत आहे. भिवराचं दूध त्या दिवशी आटलं. पोरीला बयजाकाकीनं सांभाळलं. ती उबाऱ्यात मडक्यापाशी बसली, गुडघे दुखत होते तरी उठली नाही. शेळीचं दूध आणवलं, कापसाची वात त्यात बुडवली आणि पोरीच्या ओठांवर थेंब थेंब पिळत बसली. मधेच एकदा कोंडीबाबा आत डोकावले.

"काकी, पिल्लं?"

"बघा की तुमीच. माजे हात गुतल्यात."

कोंडीबाबांनी पाहिलं. ओढ्यावरून परत आलेली पिल्लं मडक्याभोवती अंग टाकून पडली होती. लांब नाही, एकावर एक नाही, सुखानं पसरून. एक पाठीवर पडलेलं होतं. त्यांनी ते उलटं केलं. ते डगमगलं आणि मग उभं राहिलं.

भिवरा परत आली तेव्हा बयजाकाकीनं पोर तिच्या हातात दिली नाही. "बस आधी," म्हणाली. "तोंड बघ तुझं. माजी सासू मेली तवा बरी दिसत हुती." आणि थोड्या वेळानं, पोरीकडंच बघत, "माज्या हाळदीच्या ठिपक्याची किती ऱ्हायली गं?"

"बरीच ऱ्हायली, काकी."

"माजी मूठ सगळ्यात मोठी हुती," म्हातारी म्हणाली, आणि तिनं वात पुन्हा दुधात बुडवली.

दुसऱ्या दिवशी कोंडीबाबा मातीची परात घेऊन आलेच नाहीत. त्या हिवाळ्यात उबाऱ्यात पुन्हा एकही पिल्लू विनाकारण गेलं नाही. हरबा घाट चढून परत आला तोवर हे सगळं होऊन गेलं होतं. पोरगी वाढली. तिचं नाव चिमी ठेवलं होतं, पण ती चांगली उंच निघाली. आज सावरघळमधलं निम्मं गाव आपण चिमीच्या वंशातले असं सांगतं आणि उरलेलं निम्मं बयजाकाकीच्या.

पण पिल्लं कशानं वाचली यावर गावाचं अजून एकमत नाही. काही म्हणतात जमिनीवर मीठ पडायचं थांबलं म्हणून, दुसरं काही नाही. काही म्हणतात नजर होतीच, ती मिठात उतरली आणि भिवरानं सगळ्या गावाची नजर गिळली, म्हणून ती देवासारखी. बयजाकाकी मरेपर्यंत हे नजरेचंच म्हणत होती. आणि ज्या बायांनी दोन्ही ऐकलं आहे त्यांना दोन्ही थोडं थोडं खरं वाटतं. मलाही एका दमात सांग म्हटलं तर सांगता यायचं नाही.

आता घाटात रस्ता आहे. मीठ पिशवीतून येतं आणि पिल्लं खोक्यातून. उबाऱ्यात मडक्याच्या जागी तारेला बल्ब टांगलेला असतो. तरी सावरघळची कुठलीही बाई पिल्लावरून किंवा लेकरावरून मीठ ओवाळते तेव्हा ते जमिनीवर टाकत नाही. आपल्या पदरात घेते, ओढ्यापर्यंत चालत जाते आणि भिवराच्या दगडावर ठेवते. संध्याकाळी गुरं परतताना थांबून तो दगड चाटतात.

आणि आणखी एक करतात. पिल्लं मरायला लागली किंवा तान्हं पोर सारखं रडायला लागलं, तर घरातली बाई आधी आडवी होते. जमिनीला गाल लावते आणि ते जीव जिथून बघतात तिथून बघते. फटीतून वारं येतं का, ओल आहे का, मुंग्या आहेत का, काय चमकतंय. याला तिथं भिवराचं पडणं म्हणतात. सुनेला पहिल्यांदा दिवस गेले की सासू तिला हे शिकवते, तिच्या शेजारी स्वतः पडून. नजर कुणाची लागली हे विचारायचं ते उठल्यावर. बहुतेक वेळा उठेपर्यंत ते विचारायचं राहूनच जातं.